कैदेत सुखरूप

मनकर्णाबाईंनी पहिल्याच भेटीत माझा हात धरला. प्रेमानं नव्हे. बोटं उलटसुलट करून पाहिली आणि सोडून दिला.

"शाई नाई," त्या म्हणाल्या. "पेपरवाली नाई वाटत."

"पेपरवाली नाहीच. मास्तरीण होते."

"मंग आली काहून?"

हा प्रश्न मलाही पडला होता. मला बोलावलं होतं किशोरनं. किशोर हा मनकर्णाबाईंच्या भावाचा नातू आणि माझा जुना विद्यार्थी. अमरावतीला मी कॉलेजात इतिहास शिकवायचे तेव्हा तो मागच्या बाकावर बसायचा आणि हजेरी झाली की खिडकीतून जायचा. आता अकोल्यात भाजीची अडत करतो. महापालिकेच्या निवडणुकीत उभं राहायचं त्याच्या मनात आहे, हे त्यानं मला सांगितलं नाही; जुन्या शहरातल्या खांबाखांबावर हात जोडून तो लटकतो आहे, त्यावरून कळतं.

फोनवर म्हणाला, "मॅडम, इथला एक पेपर दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या वऱ्हाडी माणसांवर पुरवणी काढून राहिला. चौकात त्यांच्या नावाचा दगडबी बसणार हाये. आमचे मोठे आजोबा वामनराव सिंगापूरले शहीद झाले. तुमी लिहून द्या. तुमच्या नावाले वजन हाये."

"शहीद झाले याला पुरावा काय?"

"मॅडम, घरात फोटोले हार हाये ना!"

असा इतिहास शिकवला होता मी. पुढे तो जरा दबून म्हणाला, "फक्त आजी अडून बसली. वामनरावांची बहीण. म्हणते नाव द्याचं नाई. काहून, थे सांगत नाई."

सख्ख्या भावाचं नाव चौकात लागतंय आणि बहीण नाही म्हणते! माझा अनुभव असा, की कारण न सांगता नाही म्हणणाऱ्या माणसाजवळ एक तर गुपित असतं नाही तर जमीन, आणि आपल्या वऱ्हाडात बहुतेक वेळा जमीनच असते. म्हणून मी गेले. लेखासाठी नव्हे, संशय आला म्हणून.

मोर्णा नदीच्या काठी त्यांच्या बगिच्याचा आता तुकडाच उरला आहे. एक बुजत आलेली विहीर, थोडे मेथीचे वाफे, थोडा सांबार, म्हणजे कोथिंबीर. नव्वदी ओलांडलेली ही बाई विहिरीच्या काठाला पाठ टेकून सांबाराच्या जुड्या बांधत बसलेली असते. अंगानं काडी, आवाज मात्र भोंग्यासारखा. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माहेरी परत आली आणि भावाच्या बरोबरीनं वाफ्यांत राबली. जगात खरं असं तिच्या लेखी काही नाही. दूधवाल्यासमोर दूध बोटावर घेऊन नखावर ठेवून पाहते. पावसाचा अंदाज सांगितला की दोरीवरचे कपडे काढत नाही. अंदाज पाऊस येणार नाही असा असेल तर काढते. किशोरच्या मोबाईलवर एकदा बँकेच्या नावानं कुणा भामट्याचा फोन आला. तो किशोरआधी हिनं घेतला आणि त्यालाच त्याच्या बापाचं नाव, गाव, आडनाव विचारत राहिली. त्यानं फोन ठेवला.

"पेपर वाचता?" मी विचारलं.

"वाचतो ना आमी. उलटा."

"म्हणजे?"

"आबानं शिकवलं."

आबा म्हणजे वडील, नत्थुजी. त्यांना अक्षर येत नव्हतं. मनकर्णा चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून दर आठवड्याला कापूसबाजारातल्या एका दुकानातून एका साप्ताहिकाचा शिळा अंक यायचा आणि संध्याकाळी विहिरीजवळ ही पोर तो मोठ्यानं वाचायची. आळीतली माणसं ऐकायला बसायची. वाचून झालं की नत्थुजी अर्थ सांगायचे. अर्थ नेहमी एकच: लिहिलंय त्याच्या उलट.

"आणि वामनरावांचं काय छापून आलं होतं?" असं मी विचारलं मात्र, बाईनं जुडी बांधता बांधता माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी तिच्या पिशवीत हात घातलाय.

"जा बाप्पा तू घरी. ऊन झालं."

ऊन काही झालं नव्हतं. माझा संशय मात्र पक्का झाला.

अमरावतीच्या एका जुन्या वाचनालयात त्या साप्ताहिकाचे गठ्ठे आहेत. नाकाला रुमाल बांधून मी ते चाळले. युद्ध सुरू झालं तेव्हा अंक ऐसपैस होता. कागद मिळेना तसा आक्रसत गेला आणि शेवटी शेवटी हस्तपत्रकाएवढा उरला. पहिल्या पानावर सरकारी पत्रकाचं भाषांतर. 'आपल्या सैन्याने ठरल्याप्रमाणे यशस्वी माघार घेतली आहे.' यशस्वी माघार! शत्रूची हानी कायम अपरिमित, आपली कायम नगण्य. सिंगापूर अभेद्य आहे असा अग्रलेख आला, आणि सिंगापूर पडल्याची बातमी थोड्याच दिवसांनी आतल्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली. संपादकाला तरी काय बोलायचं? वेडंवाकडं छापलं तर छापखान्याला कुलूप. पण तो माणूस काही भोळा नव्हता. जपानची दाणादाण उडाल्याचं पहिल्या रकान्यात छापायचा आणि शेजारच्या रकान्यात कापसाचा भाव. जपान युद्धात उतरला आणि आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचं गिऱ्हाईकच गेलं. भाव असा कोसळला की व्यापाऱ्यांना नकाशाची गरज उरली नाही. अकोल्यात युद्ध पहिल्या रकान्यात कुणी वाचतच नसे, दुसऱ्यात वाचत.

शेवटच्या पानावर 'आपली माणसे' नावाचं एक सदर. कुणाला बढती, कुणाला हिवताप, अमक्याचे चिरंजीव इराकात मजेत. भातकुलीकडचा एक मुलगा 'किरकोळ जखमी' आणि दोन अंकांनंतर त्याच मुलाला श्रद्धांजली. म्हणजे नत्थुजींचा नियम अगदीच अडाणी नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आणि त्याच सदरात, त्रेचाळीस सालच्या एका अंकात, मला वामन सापडला. ओळ वाचली आणि गठ्ठा तसाच उघडा ठेवून मी बाहेर जाऊन चहा प्यायले. शहीद कुठला! पेपर तर म्हणत होता, माणूस जिवंत आहे.

आता सगळं जुळलं असं मला वाटलं. भाऊ जिवंत असेल तर त्याचा हिस्सा असेल, त्याची मुलंबाळं कुठं तरी असतील, आणि म्हातारीला त्याचं नाव चौकात नको आहे, कारण दगडावरचं नाव वाचून कुणी तरी वारस उगवेल. पानाचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन मी सरळ अकोल्याची गाडी धरली.

"मनकर्णाबाई, हा बगिचा कुणाच्या नावावर आहे?"

त्या एवढ्या हसल्या की हातातली जुडी सुटली. "अवं माय! मास्तरीण तलाठी निघाली!"

"हसू नका. वामनरावांचा हिस्सा किती?"

"वामनचा हिस्सा!" हसू एकदम थांबलं. "बाई, तू काय वाचून आली, थे सांग अगुदर."

मी चष्मा लावला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि वाचलं. "अकोला जुने शहर येथील बागाईतदार नत्थुजी यांचे चिरंजीव वामन हे शत्रूच्या कैदेत सुखरूप असल्याचे कळते..."

"जन्मदात्यांनी चिंता करू नये," मनकर्णाबाई म्हणाल्या.

पुढची ओळ तीच होती. शब्दाला शब्द.

मी मोबाईल खाली ठेवला.

"मीच वाचलं होतं थे," त्या म्हणाल्या. "या इथंच. अकरा वर्साची होती. दादाचं वर्सभर पत्र नव्हतं. आबा म्हणे पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. माय तं साखर वाटाले उठलीच होती. आबानं तिले खाली बसवलं. म्हणे, या पेपरानं आजलोक एक तरी गोष्ट सरळ छापली का? सिंगापूर पडत नाई म्हणे, पडलं. भातकुलीच्या पोट्ट्याले खरचटलं म्हणे, थो मेला. आन हा तं सोताच म्हणते, चिंता करू नका. जिवंत मानसाची बातमी देनारा असं कायले म्हणीन?"

"आणि सगळ्यांना पटलं?"

"साऱ्या आळीले पटलं. साऱ्याइनं मान हालवली."

"तुम्हाला?"

"वाचनाऱ्याले कोन इचारते वं?"

प्रेत नव्हतं, तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि मोर्णेच्या काठी जाळला. दिवस घातले. फोटोला हार चढला, तोच किशोरचा पुरावा. वामनची बायको कौशल्या तेव्हा पुरती विशीची नव्हती. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं. पुढल्या वर्षी धाकट्या दिराशी, खुशालशी, तिचा पाट लावला. घर तेच, चूल तीच. वर्षानं मुलगा झाला. तो मुलगा म्हणजे किशोरचा बाप.

"आन मंग लढाई सरली," मनकर्णाबाई म्हणाल्या. हात चालूच. सांबाराच्या काड्या एकीला एक लावायच्या, केळीच्या सोपटाची गाठ मारायची, टोपलीत टाकायची.

"आला?" मी विचारलं.

"बाजाराचा दिवस होता. खुशालदादा, वयनी, माय, सारे बाजारात. पोट्टा वयनीच्या काखेत. घरी आबा आन मी. मी तिकडं बारं देत होती, वाफ्याइले पानी सोडत. एक मानूस आला. डोक्शावर केस नाई, गालफडं बसलेली. आबाजोळ विहिरीवर बसला. आबानं पानी देलं. बोलत होते दोघं. मले ऐकू नाई आलं, मी दूर होती."

"किती वेळ?"

"मी काय घड्याळ लावून बसली होती का? बोलले. दोरीवर लेकराची लंगोटी वाळत होती, वयनीचं लुगडं वाळत होतं. थे पायलं त्यानं. मंग उठला."

आता माझ्यातली मास्तरीण जागी झाली. युद्ध संपल्यावर शेकडो माणसं रस्त्यानं चालत होती. भाऊ गेला तेव्हा ही सात-आठ वर्षांची असेल. चेहरा आठवत असेल, नसेल. आणि आठवण ही मोठी लबाड असते. ऐंशी वर्षांत ती हवं ते शिवून घेते.

"तो वामनच होता हे कशावरून? चालता माणूस पाणी प्यायला थांबला असेल."

मला वाटलं, चिडतील. त्या उलट खूश झाल्या. कुणी तरी त्यांच्यासारखं विचारलं होतं.

"ऐक. मी त्या मानसाकडं पाहत उभी, आन माहा वाफा भरला. पानी वरून वाहाले लागलं. थो जाता जाता वाफ्याजोळ आला. खोरं तिथंच पडलं होतं, त्यानं घेतलं नाई. डाव्या टाचेनं दांड मोडला, पानी दुसऱ्या वाफ्यात सोडलं, आन पयल्या वाफ्याचं तोंड चवड्यानं थापून बंद केलं. खाली पायलंबी नाई. आन गेला." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "सारे माळी खोऱ्यानं बारं देतात. टाचेनं फक्त आमच्या घरी. आबाची सवय. लोक हसत आमाले, म्हणत नत्थुजीच्या घरची कोंबडी आली उकराले."

विहिरीवर एक साळुंकी येऊन बसली, गेली.

"मी आबाले इचारलं, थो कोन? आबा म्हणे, वाटसरू होता. पानी प्याले आला. मी म्हटलं, आबा, त्यानं टाचेनं... आबा म्हणे, वाटसरू होता."

"आबांनी ओळखलं होतं?"

"थेच तं मी आयुष्यभर इचारून राहिली सोताले. ओळखलं, आन वयनीचा संसार मोडू नये म्हणून जाऊ देलं? का दादाच म्हणाला, मी आलो होतो असं सांगू नका? का आबाले खरंच वाटलं का कोनी तरी सरकारनं पाठवला? आबाचा भरोसा नाई." त्यांनी नाक पुसलं. "एक मातर खरं. थो वाफा आबानं मोडू देला नाई. दादाचं पाऊल उमटलं होतं चिखलात. त्या वाफ्याले पानीच देलं नाई पुन्हा. मेथी जळून गेली, पन आबा कोनाले तिथं जाऊ देये नाई. माय वरडली, खुशालदादा वरडला. आबा म्हणे, त्या वाफ्यात कीड हाये."

"आणि पेपर? तो बंद केला असेल."

"नाई ना! दर आठवड्याले आनला. मी वाचो, थे ऐकत. फक्त मंग अर्थ सांगनं बंद केलं. जे लिहिलं हाये थे ऐकून घेत आन उठून जात."

मी संशयाची घोडी दामटत आले होते ती अशी उभी राहिली. जमिनीचा प्रश्न विचारल्याचं वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. विचारला नसता तर हे निघालं नसतं.

तेवढ्यात किशोर आला. बगलेत फ्लेक्सचा नमुना, गुंडाळलेला. मनकर्णाबाईंसमोर त्यानं तो उलगडला: वामनरावांचा हाराचा फोटो, मागे तोफा, विमानं, वर मोठ्या अक्षरांत 'शहीद', आणि खाली, जरा जास्तच मोठा, किशोर स्वतः.

"कसा वाटते, आजी?"

"तोफ चांगली हाये," त्या म्हणाल्या. "किशोर, खाली बस."

मग मला जे सांगितलं तेच त्याला सांगितलं. निम्म्यापेक्षा कमी शब्दांत आणि त्याच्या डोळ्यांत पाहून. वाक्यावाक्याला त्याचा चेहरा बदलत गेला. आधी हसू, मग कंटाळा, मग भीती.

"आजी, हे बोलू नको कोनाजोळ. कौशल्या आजीले लोक काय म्हणतीन? नवरा जिता असून दुसऱ्याचं घर केलं, असं म्हणतीन. आमच्या साऱ्या खानदानाचं..." तो माझ्याकडे वळला. "मॅडम, जुन्या गोष्टी. आजीचं वय झालं. आठवते का नाई काय मालूम."

"तुह्या आजीनं काय चोरी केली का रे?" मनकर्णाबाईंचा भोंगा चढला. "पेपरानं खरं छापलं, आमी खोटं समजलो. चूक आमची. तिचा काय गुन्हा? आन तुले काळजी तिची नाई, तुले काळजी खांबावरच्या फोटूची!"

"मंग नाव नको देऊ म्हणत होती थे बरं होतं. नाव नको, गोष्टबी नको. झालं!"

"तवा तू आयकलं का? मुकाट्यानं नाई म्हटलं तं तू मास्तरीण घेऊन आला!" त्या फ्लेक्सवर बोट ठेवून म्हणाल्या, "एक डाव आमी मारलं त्याले, पळसाच्या पानाचा करून. आता तू दगडाचा करून मारून राहिला का?"

फ्लेक्सचं टोक वाऱ्यानं उडत होतं ते किशोरनं पायानं दाबून धरलं. मग त्याच पायाकडे पाहत राहिला.

"मलेबी आजोबानं टाचेनंच शिकवलं बारं द्याले," तो हळूच म्हणाला. "शेजारचे हसत. मी आजोबाले म्हणो, खोरं घेऊ ना. थे म्हणत, आपल्या घरी टाच."

"हं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"काय छापाचं मंग, सांग तूच."

"जे तवा छापलं थेच. अक्षर कमी नाई, अक्षर जास्त नाई. आन दगडावर नाव नाई."

पुरवणीचा संपादक तरुण पोरगा होता. मला फोनवर म्हणाला, "मॅडम, पुढे काय झालं ते नाही का? सुटले का, वारले का? वाचकांना क्लोजर लागतं." मी म्हटलं, "वाचकांना लागू दे. तुम्ही तेव्हाच्या पेपरातली ओळ छापा आणि खाली साल टाका." त्यानं छापली. शहिदांच्या मोठमोठ्या फोटोंच्या खाली, डाव्या कोपऱ्यात. आता तेलाची जाहिरात नव्हती, फ्लॅटची होती.

किशोरनं फ्लेक्स लावला नाही. उमेदवारीचं अजून काही ठरलेलं नाही. हे सगळं लिहू का, असं मी त्याला सरळ विचारलं. बराच वेळ डोकं खाजवून म्हणाला, "लिहा मॅडम. लपवलं का लोक उलटंच समजतात." पहिल्यांदाच मला त्याला पास केल्याचं समाधान वाटलं.

पुरवणी घेऊन मी मनकर्णाबाईंकडे गेले. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. जुडी बाजूला ठेवून त्यांनी हात लुगड्याला पुसले आणि विहिरीला टेकून बसल्या.

"वाच."

मी वाचलं. अकोला जुने शहर येथील बागाईतदार नत्थुजी यांचे चिरंजीव वामन हे शत्रूच्या कैदेत सुखरूप असल्याचे कळते. जन्मदात्यांनी चिंता करू नये.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. अर्थ काय, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, ती ओळ जिथं असेल तिथं अंदाजानं अंगठा ठेवला आणि माझ्याकडे तीच पहिल्या दिवसाची नजर टाकली.

"पुरं वाचलं ना, बाई? काही गाळलं तं नाई?"